गोंदियाच्या उन्हात संगणकाला पाण्याचा गारवा

मे महिन्यातील दुपार. पारा ४५ अंशांच्या घरात, रस्ते ओस आणि घरोघरी खिडकीत बसविलेल्या कूलरची घरघर. गोंदिया जिल्ह्यातील या चित्रात गेल्या काही वर्षांत आणखी एका घरघरीची भर पडली आहे. ती आहे घरातील संगणकाच्या पंख्यांची. चित्रफितींचे संपादन करणारे छायाचित्रकार, त्रिमितीय आराखडे काढणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि रात्र रात्र गेम खेळणारी तरुण मंडळी यांना उन्हाळ्यात एकच तक्रार सतावते. संगणक तापतो, मंदावतो आणि ऐन कामाच्या वेळी बंद पडतो. मग कोणी तरी सुचवितो की, पाण्याने थंड होणारा संगणक घ्या किंवा तशी यंत्रणा स्वतःच जोडा.

ही यंत्रणा नेमकी काय असते, ती बेताच्या खर्चात जोडता येते काय आणि विदर्भाच्या हवेत तिचा कितपत उपयोग होतो, याचा हा आढावा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी समजून घेतले, तर पहिल्या दोन प्रश्नांवर होणारा बराचसा वायफळ खर्च टळू शकतो.

उष्णता जाते कोठे?

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट वीज घेत असे. २०२३ साली आलेला कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालताना २५३ वॅटपर्यंत पोहोचतो, तर २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे. एवढी उष्णता नखाएवढ्या चकतीतून सतत बाहेर काढणे हे शीतकरणाचे काम होय.

येथे पाण्याचा गुण कामी येतो. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. आकारमानाच्या हिशेबाने पाहता हवेच्या तुलनेत पाणी जवळपास साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि त्यात ३०० वॅट उष्णता मिसळत असेल, तरी त्या पाण्याचे तापमान एका फेरीत जेमतेम एक अंशाने वाढते.

मात्र पाणी उष्णता वाहून नेते, नाहीशी करीत नाही. प्रोसेसरकडून घेतलेली उष्णता रेडिएटरपाशी पोहोचते, तेथे पंखे ती हवेत सोडतात आणि ती हवा खोलीतलीच असते. म्हणून संगणकातील पाणी खोलीच्या हवेपेक्षा कधीही थंड होऊ शकत नाही, ते नेहमी काही अंशांनी गरमच राहते. खोलीत ४२ अंश असतील तर पाणी ५० च्या आसपास जाणार आणि प्रोसेसर त्याच्याही बराच वर राहणार. यंत्रणेवर कितीही पैसा ओतला, तरी निसर्गाचा हा नियम बदलत नाही.

तिरोड्याचे उदाहरण

हे तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर राबविणारा प्रकल्प याच जिल्ह्यात आहे. तिरोडा येथील औष्णिक वीज प्रकल्पाची क्षमता ३३०० मेगावॅट असून तेथे ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचे संघनकात थंड पाण्याच्या साहाय्याने पुन्हा पाणी केले जाते. या कामात तापलेले पाणी उंच शीतकरण मनोऱ्यांत सोडले जाते आणि तेथून थंड होऊन परत येते. संगणकात संघनकाच्या जागी प्रोसेसरवर बसणारा वॉटर ब्लॉक आणि मनोऱ्याच्या जागी रेडिएटर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. मनोऱ्यात पाण्याचा थेट हवेशी संबंध येतो, त्यातील काही भागाची वाफ होते आणि ती वाफ जाताना बरीच उष्णता सोबत घेऊन जाते. त्यामुळेच तेथील पाणी कोरड्या उन्हाळ्यात भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकते. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई वैनगंगेच्या पाण्यातून केली जाते. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. संगणकातील यंत्रणा मात्र बंदिस्त असते. तिच्यात बाष्पीभवन नाही, म्हणून कूलरसारखा गारवाही नाही. पाण्याने थंड होतो म्हणजे कूलरप्रमाणे थंड होतो, ही समजूत येथेच फसते.

महासंगणकापासून टेबलापर्यंत

पाण्याने संगणक थंड करण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच सिस्टिम ३६० मालिकेतील मॉडेल ९१ या मोठ्या संगणकात पाण्याचा वापर केला होता. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या महासंगणकाची मंडळे तर फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडविलेली असत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक साकारला. पुढे २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात द्रवाने थेट शीतकरण करण्याची पद्धत वापरण्यात आली.

घरगुती संगणकात पाणी शिरले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळविण्याचा छंद असलेल्या मंडळींनी मोटारीच्या हीटरचा तांब्याचा रेडिएटर, माशांच्या टाकीचा पंप आणि स्वतः कोरलेला तांब्याचा ठोकळा यांची मोट बांधली. २००४ साली ॲपलने पॉवर मॅक जी५ या आपल्या संगणकात द्रवशीतकरण आणले. त्यातील काही यंत्रांत पुढे गळती झाली आणि आतील भाग खराब झाले. मोठ्या कंपनीलाही चुकविता न आलेला हा धोका घरी जोडणी करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावा.

आधी गरज तपासा

खर्चाकडे वळण्यापूर्वी काही पायऱ्या चढून पाहाव्यात. पहिली पायरी फुकटची आहे. कॅबिनेट भिंतीपासून दूर सरकवावे, जाळ्यांत अडकलेली धूळ काढावी, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी आणि मदरबोर्डच्या बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी खाली आणावी. वेगात किरकोळ घट होते, परंतु उष्णता बरीच उतरते. दुसरी पायरी म्हणजे उंच मनोऱ्यासारखा चांगला हवाई कूलर. तो साधारण दोन ते चार हजार रुपयांत मिळतो आणि शंभर-सव्वाशे वॅटच्या प्रोसेसरला सहज पुरतो. तिसरी पायरी म्हणजे कारखान्यातच पाणी भरून बंद केलेला तयार संच. त्यास पाच ते दहा हजार रुपये पडतात.

त्यानंतर येते ती स्वतः जोडायची खुली यंत्रणा. ज्यांच्याकडे दोनशे वॅटच्या वरचा प्रोसेसर आहे, ज्यांना ग्राफिक्स कार्डही त्याच पाण्यावर घ्यावयाचे आहे किंवा ज्यांना शांतता हवी आहे, त्यांनीच या वाटेला जावे. चौथे कारण हौस हे होय आणि तेही काही कमी महत्त्वाचे नाही. फक्त हौसेला गरजेचे नाव देऊ नये.

यंत्रणेचे घटक

वॉटर ब्लॉक. प्रोसेसरवर बसणारा हा तांब्याचा ठोकळा. त्याच्या आत केसासारख्या बारीक खाचा असतात आणि पाणी त्यांतून वाहते. घेताना आपल्या मदरबोर्डच्या सॉकेटला बसणारी पट्टी सोबत आहे ना, हे पाहावे. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक त्या विशिष्ट कार्डापुरताच बनविलेला असतो. कार्ड बदलले की तो निरुपयोगी ठरतो. म्हणून बेताच्या खर्चात प्रथम फक्त प्रोसेसर पाण्यावर घ्यावा.

रेडिएटर. ढोबळ आडाखा असा की, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढ्या रेडिएटरमागे शंभर वॅट धरले, तर पाणी खोलीच्या हवेपेक्षा सुमारे दहा अंशांनी गरम राहते. दोनशे वॅटसाठी २४० मिलिमीटरचा, तर तीनशेसाठी ३६० चा रेडिएटर घ्यावा. गोंदियासारख्या ठिकाणी एक माप मोठे घेतलेले बरे, कारण उन्हाळ्यात हाताशी अंशच कमी उरतात.

पंप आणि टाकी. दोन्ही एकत्र असलेला १२ व्होल्टचा संच घेतल्यास सांधे कमी होतात आणि पैसेही वाचतात. टाकी नेहमी पंपाच्या वर असावी. असे पंप कोरडे चालवू नयेत, कारण त्यांच्या आतील बेअरिंगला पाण्याचेच वंगण लागते. अनेक चांगल्या पंपांची कमाल मर्यादा ६० अंश पाण्याची असते, हेही लक्षात ठेवावे.

नळ्या आणि सांधे. अंदाजपत्रक येथे हळूच फुगते. केवळ प्रोसेसरची यंत्रणा धरली, तरी ब्लॉक, रेडिएटर आणि पंप यांचे प्रत्येकी दोन मिळून सहा सांधे लागतात. पाणी काढून टाकण्याची तोटी वेगळीच.

सर्व धरून प्रोसेसरपुरत्या यंत्रणेचा खर्च चौदा ते वीस हजारांच्या आसपास जातो. त्यात ब्लॉक तीन ते चार हजार, रेडिएटर तेवढाच, पंप व टाकी चार ते सहा हजार आणि उरलेली रक्कम सांधे, पंखे, नळ्या व द्रव यांची. नागपूरच्या सीताबर्डीत पंखे, पेस्ट, तयार संच असे नेहमीचे सामान पाहून घेता येते. खुल्या यंत्रणेचे सुटे भाग मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. सामान हाती येताच प्रत्येक भागाच्या आट्या आणि रबरी कड्या तपासून घ्याव्यात.

बचत कोठे करावी, कोठे करू नये

बचत करावी ती दिखाव्यात. कडक पारदर्शक नळ्या, रंगीत पाणी आणि चमचमणारे दिवे यांनी संगणकाचे तापमान एका अंशानेही उतरत नाही. उलट कडक प्लॅस्टिकच्या नळ्या गरम पाण्याने नरम पडण्याचा धोका असतो आणि रंगीत पाण्यातील कण ब्लॉकच्या खाचांत साचतात. साधी काळी ईपीडीएम रबराची नळी, साधे खाचेचे सांधे आणि त्यांवर आवळलेली होज क्लिप हा स्वस्त आणि भरवशाचा पर्याय आहे. भाग कोणत्या क्रमाने जोडले यानेही फारसा फरक पडत नाही, कारण वर पाहिल्याप्रमाणे संपूर्ण चक्रात पाण्याचे तापमान जवळपास सारखेच असते. नळ्या जवळच्या मार्गाने न्याव्यात, एवढे पुरे.

काही जुगाड मात्र महागात पडतात. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी पारदर्शक आणि स्वस्त असल्याने मोहात पाडते. परंतु तिच्यातील मऊपणा आणणारे द्रव्य गरम पाण्यात उतरते, नळी पांढुरकी व ताठ होते आणि सांध्यावरची पकड सुटते. कूलरमधील पाण्याची मोटर वापरण्याचा मोहही टाळावा. ती उघड्या टाकीसाठी बनविलेली असते आणि २३० व्होल्टवर चालते. संगणकाला लागून असलेल्या पाण्यात घरगुती वीज आणणे जिवावर बेतू शकते.

सर्वांत दडलेली चूक धातूंची असते. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल, तर पाण्यात दोहोंच्या संयोगाने विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम हळूहळू झिजत जाते. तयार बंद संचांत असे मिश्रण बहुधा असते, पण तेथे गंजरोधक द्रव कारखान्यातच भरलेला असतो. म्हणून जुन्या संचातील रेडिएटर किंवा भंगारातील एअर कंडिशनरची जाळी आपल्या यंत्रणेत बसवू नये. तांबे आणि पितळ यांचाच रेडिएटर घ्यावा आणि विक्रेत्याला धातू कोणता, हे स्पष्टपणे विचारावे.

पाणी कोणते?

बोअरवेलचे पाणी मुळीच नको. त्यातील क्षारांचे पुट ब्लॉकच्या खाचा बुजविते. घरातल्या आरओ यंत्राच्या पाण्यातही काही क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटर हेच योग्य. ते बॅटरीच्या दुकानात मिळते, परंतु बॅटरीत टाकण्याचे पाणी आणि बॅटरीचे ॲसिड या वेगवेगळ्या वस्तू असल्याने बाटलीवरील मजकूर नीट वाचून घ्यावा.

नुसते डिस्टिल्ड वॉटरही पुरेसे नाही. कोमट, उजेड लागणाऱ्या पाण्यात शेवाळ धरते आणि धातू काळवंडतात. त्यासाठी शेवाळनाशक व गंजरोधक असलेला तयार द्रव घ्यावा. काही जण मोटारीचे कूलंट थोड्या प्रमाणात मिसळतात. ते काम करते, मात्र त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी व चवीला गोडसर असल्याने लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून बाटली दूर ठेवावी. द्रव वर्षातून एकदा बदलावा.

शुद्ध पाण्यातून वीज वाहत नाही, म्हणून गळती झाली तरी काही बिघडत नाही, असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये. यंत्रणेत फिरू लागताच पाण्यात धातूचे अंश उतरतात आणि मदरबोर्डवरील धुळीत ते मिसळले की वीज वाहू लागते.

जोडणी आणि चोवीस तासांची परीक्षा

रेडिएटर आधी डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुवावा. झाळकामातील अवशेष त्यात हमखास असतात. मग रेडिएटर, पंप आणि ब्लॉक जागेवर बसवून शेवटी नळ्या मापाने कापाव्यात. नळीचे टोक काटकोनात कापलेले असावे. यंत्रणेच्या सर्वांत खालच्या भागी पाणी काढण्याची तोटी द्यावी. पुढे वर्षभराने तिचे महत्त्व कळते.

पाणी भरताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांना वीज देऊ नये. एसएमपीएस एकट्याने सुरू करणारा छोटा जंपर मिळतो. त्याच्या साहाय्याने फक्त पंप चालवावा. टाकीतील पाणी खाली गेले की पंप थांबवून पुन्हा भरावे. कॅबिनेट हलकेच चारी बाजूंना कलते केल्यास अडकलेले बुडबुडे वर येतात. प्रत्येक सांध्याखाली टिपकागद ठेवून पंप चोवीस तास चालू ठेवावा. कागदावर एकही ओला ठिपका दिसला नाही, तरच संगणकाला वीज द्यावी. या परीक्षेला पैसे लागत नाहीत, फक्त धीर लागतो. आणि नेमका तोच सुटतो.

पंपाच्या वेगाची तार मदरबोर्डच्या सीपीयू फॅन या जोडाला लावावी. पंप बंद पडला तर संगणक सुरू होतानाच इशारा मिळतो. चालू कामात पंप थांबल्यास आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचताच स्वतःचा वेग कमी करतात आणि तेवढ्याने न भागल्यास बंद होतात, परंतु त्या भरवशावर राहू नये. महत्त्वाच्या कामाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची सवय पाण्याच्या संगणकाला तर हवीच.

गोंदियाच्या हवेचे हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे. पाणी खोलीच्या हवेहून थंड होत नाही, तर स्वस्तात गारवा मिळवायचा कोठून? त्याचे उत्तर खिडकीतल्या कूलरमध्ये आहे. एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत चांगला कूलर खोलीचे तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरवितो आणि खोली जेवढी उतरते, जवळपास तेवढाच प्रोसेसरही उतरतो. मग यंत्रणा हवेची असो वा पाण्याची. महागड्या रेडिएटरने दोन-तीन अंश मिळतील, खोली थंड केल्याने दहा मिळतात. कूलरचा झोत संगणकावर थेट मात्र येऊ देऊ नये. त्यासोबत येणारे तुषार क्षार सोडतात. तीन-चार फुटांचे अंतर राखावे. खोलीची एखादी खिडकी उघडी असावी, नाही तर दमटपणा साचतो आणि कूलरचाच जोर ओसरतो.

टाकीत बर्फ टाकण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नये. पाणी खोलीतील हवेच्या दवबिंदूहून थंड झाले की नळ्यांवर आणि ब्लॉकवर दव धरते आणि ते थेंब मदरबोर्डवर ओघळतात. पावसाळ्यातील दमट हवेत तर हे काही मिनिटांत घडते. बर्फ न टाकलेल्या यंत्रणेला हा धोका नाही, कारण तिचे पाणी सदैव हवेपेक्षा गरमच असते.

भाताच्या या जिल्ह्यात आणखी एक शत्रू आहे. तो म्हणजे धानाचा कोंडा आणि भुसा. राइस मिलच्या परिसरात राहणाऱ्यांच्या रेडिएटरची पाती हंगामात लवकर बुजतात आणि बुजलेल्या रेडिएटरमध्ये कितीही चांगले पाणी फिरले, तरी उष्णता बाहेर पडत नाही. पंख्यांपुढे धुता येणारी जाळी लावावी आणि मळणीच्या दिवसांत ती दर पंधरवड्याला झटकावी. खंडित होणाऱ्या विजेसाठी यूपीएस घेताना पंपाचे पंधरा-वीस वॅटही हिशेबात धरावेत.

हिशेब मांडून पाहिला तर बेताच्या खर्चातील यंत्रणेचा क्रम असा ठरतो. आधी खोली, मग धूळ आणि वीजमर्यादा, त्यानंतर हवाई कूलर आणि या सर्वांनंतर पाणी. पाण्यापर्यंत पोहोचलात, तर पैसा तांब्याच्या मोठ्या रेडिएटरवर, चांगल्या पंपावर आणि पक्क्या सांध्यांवर घालावा. रंगीत दिव्यांना हात आखडता घ्यावा. तिरोड्याच्या प्रकल्पाला वैनगंगेचे पाणी लागते, तरी त्याची उष्णता अखेर जाते ती हवेतच. आपल्या टेबलावरच्या यंत्राचेही तसेच आहे. म्हणून पाण्याची निवड करण्याआधी खोलीतील हवेची विचारपूस करणे, हाच खरा काटकसरीचा मार्ग.